माळावर झाडं लावायला निघालात? आधी या चुका टाळा

पावसाळा तोंडावर आला की साताऱ्याच्या दुष्काळी माण-खटावमधून फोन सुरू होतात. "शंभर रोपं मिळालीत, माळावर कुठं लावू?" मी एकच विचारतो, "तिथं मेंढरं कुणाची चरतात?" बहुतेकांना ते माहीत नसतं.

सगळ्यात मोठी चूक इथंच होते. माळ म्हणजे मोकळी पडलेली जमीन, असं आपण धरून चालतो. पण तिथं पवना, मारवेल, कुसळी ही गवतं असतात, लांडगा-खोकडाचा वावर असतो. गवताच्या मुळ्या माती धरून ठेवतात आणि माळावरचा बराचसा कार्बन जमिनीखालीच साठलेला असतो. ते गवत उपटून खड्डे घेणं म्हणजे हवामानाला मदत नव्हे.

हे मी किंमत मोजून शिकलो. माण तालुक्यातल्या एका गावात आम्ही ५ जूनला ६०० खड्डे घेतले. वड, पिंपळ, करंज लावले आणि भोवती काटेरी कुंपण घातलं. एक म्हातारे मेंढपाळ काठीवर हनुवटी टेकून बघत होते. म्हणाले, "आरं पोरांनो, मेंढरं कुठं न्यायची मग?" आम्ही हसून नमस्कार केला आणि कामाला लागलो.

जून कोरडा गेला. माणमध्ये भरवशाचा पाऊस सप्टेंबरातला, तोवर रोपांच्या काड्या झाल्या होत्या. कुंपणही दोन जागी मोडलं. पाऊस आला तेव्हा खड्ड्यांची भुसभुशीत माती वाहून गेली आणि गवत होतं तिथं पांढरा मुरूम उघडा पडला. तो मुरूम अजून डोळ्यांसमोरून जात नाही.

मग त्या म्हाताऱ्या मेंढपाळांच्या, आबांच्या दारात जाऊन बसलो. त्यांची मेंढरं दिवाळीनंतर कोकणाकडं उतरतात आणि पावसाळ्यात गावी असतात. म्हणजे पावसाळ्यात सरसकट चराईबंदी केली, तर त्यांच्या तोंडचा घास जातो. त्यांनीच तोड सुचवली: निम्मा माळ गवताचं बी झडेपर्यंत बंद, निम्मा उघडा, पुढच्या वर्षी अदलाबदल. तिसऱ्या पावसाळ्यात बंद भागात मारवेल गुडघ्याला लागत होतं, बी न पेरता. आता मी आधी मेंढपाळांकडं जातो, मग ग्रामसभेत.

दुसरी चूक, समतल चर, म्हणजे पाणी अडवायला उतारावर एकाच पातळीत खणलेले चर, नजरेनं आखणं. "एवढं काय बघायचं, दिसतंय की सरळ" म्हणणाऱ्यांचे चर पहिल्याच वळवात फुटतात. पाणी सखल टोकाला गोळा होतं, तिथून फुटतं आणि खालचे चरही घेऊन जातं. ए-फ्रेम, म्हणजे समान पातळी शोधायचं साधन, तीन काठ्या, दोरी नि दगडाची बनते. तिच्यानं आखा, खुणेला पांढरी फक्की टाका. माती उताराच्या खालच्या बाजूला, काठापासून थोडी जागा सोडून. काम माथ्यापासून पायथ्याकडं, उलटं कधीच नाही. २०१६ च्या पाणी फाउंडेशनच्या पहिल्या वॉटर कप या जलसंधारण स्पर्धेत कोरेगाव तालुक्यातलं वेळू पहिलं आलं, ते बघून पुष्कळ गावांनी कुदळी उचलल्या. श्रमदानाचा उत्साह हवाच, पण पुढच्या उन्हाळ्यात चरातला गाळ काढायलाही माणसं हवीत.

बाकीच्या थोडक्यात. रोपाची पिशवी न फाडता लावू नका. जमीन चांगली भिजल्याशिवाय रोप लावू नका. लवकर वाढतं म्हणून सगळीकडं सुबाभूळ नको. झाडं लावायचीच तर ओढ्याकाठी, बांधाला, शाळेच्या आवारात लावा. तिथं कडुलिंब, बोर, हिवर आपसूक तग धरतात आणि पाणी घालायला कुणीतरी जवळ असतं.