डिंगीच्या ट्रान्समला फ्लॅप कसे बसवावेत

फायरबॉल ही शिडाची छोटी बोट, म्हणजे डिंगी. उलटलेली फायरबॉल सरळ केली की आत पोटऱ्यांपर्यंत पाणी असतं. बादलीने उपसत बसलात तर पुढची लाट ती पुन्हा आडवी करते. ट्रान्समची, म्हणजे बोटीच्या मागच्या भिंतीची, भोकं त्यांवरचे फ्लॅप (झडपा) सोडून उघडली, शिडात वारा घेतला आणि बोट पळू लागली की तेच पाणी मागून निघून जातं. पीटर मिल्नने 1962 मध्ये आखलेली ही बोट. 1982 च्या एशियाडमध्ये फारोख तारापोर आणि झरीर करंजिया यांनी मुंबईच्या समुद्रात याच वर्गात सुवर्ण जिंकलं.

जुने फ्लॅप, जुना गोंद काढा. 3 मिमी पॉलिकार्बोनेटचे (चिवट प्लास्टिकचे) तुकडे भोकापेक्षा चारी बाजूंनी 15 मिमी मोठे कापा, कोपरे गोल करा. अॅक्रिलिक घेऊ नका, भोक पाडताना तडकतं. नवीन भोकं कापायची असतील तर आधी वर्गाचे नियम वाचा.

आता बिजागरी, म्हणजे फ्लॅप ट्रान्समला जोडणारी चिकट पट्टी. ती खालच्या कडेला हवी. वर लावा असं सांगणारे भेटतील, पण मग खालची कड मोकळी राहते आणि पाण्याचा दाब सगळ्यात जास्त तिथेच असतो.

खालच्या कडेला बाहेरच्या अंगाने कानशीने 45 अंशांचा उतार द्या. पहिल्या वेळी मी तो दिला नव्हता. पट्टी 3 मिमीच्या उभ्या कडेवर चिकटली. फ्लॅप काटकोनात उघडला की ती कड ट्रान्समला टेकून अडायची, पाणी आणखी रेटायचं आणि पट्टी उचकटायची. तिसऱ्याच फेरीला उजवा फ्लॅप नुसता दोरीला लोंबत होता आणि त्या भोकातून पाणी आत येत होतं. उतार असला की फ्लॅप काटकोनाच्या पुढे सहज जातो आणि पट्टीखाली पोकळीही राहत नाही.

पट्टी शिडं दुरुस्त करायची चिकट डॅक्रॉनचीच (शिडाच्या कापडाची) घ्या, 50 मिमी रुंद: निम्मी फ्लॅपवर, निम्मी ट्रान्समवर. पॅकिंगची टेप लावणाऱ्याचं मी काहीच ऐकत नाही. त्याआधी ट्रान्समवर पाणी शिंपडा. थेंब गोळा होऊन राहिले तर मेण अजून आहे, पुन्हा घासा. पाणी पसरलं तर जागा साफ. फ्लॅपला अॅसिटोन कधीही लावू नका, पॉलिकार्बोनेटला बारीक चिरा पडतात. साबणाचं पाणी पुरतं. सगळं खडखडीत कोरडं झालं की फ्लॅप बंद धरून पट्टी लावा आणि चमच्याच्या पाठीने मधून कडेकडे दाबत न्या. एक अख्खा दिवस बोट पाण्यात घालू नका. पावसाळी हवेत हे काम काढूच नका.

उरलेल्या तीन बाजूंना आतून पातळ निओप्रीनची (मऊ रबराची) पट्टी.

वरच्या कडेजवळ भोक पाडून 5 मिमीची शॉक कॉर्ड (ताणली जाणारी रबरी दोरी) ओवा, बाहेरून आठाची गाठ मारा. आतलं टोक दोरीला जोडून बसायच्या फळीजवळच्या क्लीटपर्यंत (दोरी अडकवायच्या खाचेपर्यंत) आणा. सुकाणू न सोडता हात पोचला पाहिजे.

बोट रेंगाळत असताना फ्लॅप उघडू नका, पाणी उलटं आत येतं. वजन पुढे न्या, वेग येऊ द्या, मग दोरी सोडा.

किनाऱ्यावर आल्यावर गोड्या पाण्याने धुवा आणि दोरी सैल सोडा. ताणलेली ठेवली तर निओप्रीन दबून बसतं. शॉक कॉर्ड दर हंगामाला बदला. पट्टीचा कोपरा नखाने उचलला जात असेल तर त्यावर नवीन तुकडा डकवू नका, अख्खी पट्टी काढून पुन्हा लावा.