जुनी स्पॅनिश दुनळी : मॉडेल ओळखताना या चुका टाळा

नळ्यांमधल्या पट्टीवर सोन्याने कोरलेला '२' दिसला की माणूस हरखतो. मीही हरखलो होतो. इंग्लंडमध्ये क्ले पिजन (हवेत उडवलेल्या मातीच्या तबकड्यांवरच्या) नेमबाजीसाठी पहिली जुनी दुनळी घ्यायला गेलो, तेव्हा विक्रेत्याने त्या आकड्यावर बोट ठेवलं आणि म्हणाला, "आया नंबर टू." आपल्या कानाला गमतीदार वाटणारं हे नाव म्हणजे आगिरे आणि आरान्साबाल या दोघांच्या आडनावांची आद्याक्षरं. १९१५ साली स्पेनमध्ये सुरू झालेला हा कारखाना नावाजलेला, आणि त्यांची 'नंबर टू' ही साइडलॉक (यंत्रणा बाजूच्या पत्र्यांवर बसवलेली) बंदूक इंग्लंडात आजही मागणी असलेली. मी मुकाट्याने पैसे मोजले.

तो २ मॉडेलचा नव्हताच. ती जोडीतली दुसरी बंदूक होती, एवढाच त्याचा अर्थ. मोठ्या शिकारीत मालक एक बंदूक झाडतो तोवर मागे उभा असलेला माणूस दुसरी भरून देतो. दोन्ही दिसायला सारख्याच, म्हणून नळ्या आणि लाकूड एकमेकींत मिसळू नयेत यासाठी पट्टीवर, वरच्या खटक्यावर आणि नळ्यांखालच्या पुढच्या लाकडावर १ किंवा २ घालतात. त्यात आयाची उत्तम मॉडेल्सही नेमकी 'नंबर वन' आणि 'नंबर टू' या नावांची, त्यामुळे हा घोटाळा स्पॅनिश बंदुकांच्या बाबतीत जास्तच होतो. एक नंबरची बंदूक विकत घेताना दोन नंबर कुठे आहे, हे कोणी विचारतही नाही.

पुढचं काही करण्याआधी बंदूक उघडा आणि दोन्ही चेंबर, म्हणजे काडतूस बसतं त्या जागा, रिकामी आहेत हे डोळ्यांनी पाहा. समोरच्याने सांगितलं म्हणून विश्वास ठेवायचा नाही.

बाजूचा पत्रा पाहून साइडलॉक समजू नका

माझी दुसरी चूक पहिलीच्या पोटातच होती. बंदुकीच्या दोन्ही बाजूंना सुंदर नक्षीचे लांबट पत्रे होते, म्हणून मी ती साइडलॉक धरली. खऱ्या साइडलॉकमध्ये घोडा, कमान वगैरे सगळी यंत्रणा त्या पत्र्याच्या आतल्या अंगाला बसवलेली असते. त्यामुळे बाहेरून पत्र्यावर ठिकठिकाणी पिनांची गोल टोकं दिसतात. नक्षीत ती लपवलेली असतात, पण भिंगाखाली सापडतात. बॉक्सलॉकमध्ये यंत्रणा मधल्या पोलादी ठोकळ्याच्या पोटात असते. त्यावर शोभेचे पत्रे चढवले की लांबून साइडलॉकचा भास होतो. माझ्या पत्र्यावर मागचा एक स्क्रू सोडला तर काहीच नव्हतं. किमतीतला फरक इथे निम्म्याहूनही मोठा असू शकतो.

खात्री करायला घरचा स्क्रूड्रायव्हर घालून पत्रा उघडू नका. या स्क्रूंच्या खाचा केसासारख्या बारीक असतात. जाड पात्याने एकदा ओरबाडल्या की पुढचा प्रत्येक गिऱ्हाईक तेच आधी बघतो.

नळीवरचं नाव म्हणजे कारखाना, असं नाही

माझ्या परवान्यावर दुकानदाराने निर्मात्याच्या रकान्यात 'एइबार' लिहिलं होतं. एइबार हे गाव आहे, स्पेनच्या बास्क प्रांतातल्या गिपुस्कोआमधलं. शेकडो वर्षं बंदुका घडवणारं हे गाव म्हणजे गल्लोगल्ली छोट्या कार्यशाळा. आज सायकलींसाठी प्रसिद्ध असलेलं ओर्बेआ हे नावही इथेच, बंदुकांच्या धंद्यातून निघालेलं. तिथल्या असंख्य दुनळ्यांवर गावाचं नाव कोरलेलं असतं. ते निर्माता समजणं म्हणजे पितळी भांड्यावर 'पुणे' लिहिलेलं पाहून पुणे नावाच्या तांबटाला शोधत फिरणं.

'आसेरो' या शब्दाचंही तसंच. स्पॅनिशमध्ये आसेरो म्हणजे पोलाद. त्याच्या पुढे 'बेयोता' असं काही असेल तर तो नळीच्या पोलादाचा छाप झाला, बंदूक घडवणाऱ्याचा नव्हे. पट्टीवर इंग्रजी नाव असेल तर ते बहुधा विकणाऱ्याचं असतं. बर्मिंगहॅमच्या पार्कर-हेल कंपनीने ६४० मालिकेतल्या दुनळ्या स्वतःच्या नावाने विकल्या. त्या घडवल्या होत्या एइबारच्या उगार्तेचेआने. आयाचीच बॉक्सलॉक अमेरिकेत 'मॅटाडोर' नावाने खपली, एक चाप, इजेक्टर (झाडलेलं काडतूस आपोआप बाहेर फेकणारी यंत्रणा) आणि रुंद पुढचं लाकूड अशा अमेरिकी पसंतीच्या रूपात. म्हणजे बऱ्याचदा मॉडेलचं नाव कारखान्याच्या दारात जन्मलेलंच नसतं. आयात करणाऱ्याने मागणी दिली, कारखान्याने नक्षी आणि दस्ता बदलून माल पाठवला, नाव तिकडे चिकटलं. नक्षीवरून मॉडेल ठरवायला जाल तर याच कारणाने फसाल.

आडनावांची गर्दी वेगळीच. आरान्साबाल, आरिसाबालागा, आरिसागा, आरिएता हे चार निरनिराळे निर्माते. 'आर'पर्यंत वाचून निष्कर्ष काढू नका. सारास्केता म्हटलं की प्रसिद्ध निर्माता व्हिक्तोर सारास्केताच, असंही नाही. त्या आडनावाचे आणखीही बंदूक कारागीर एइबारमध्ये होते.

खरं पुस्तक नळ्यांच्या खाली आहे

पुढचं लाकूड काढा, नळ्या वेगळ्या करा आणि उलट्या धरा. मागच्या सपाट भागावर प्रूफ हाउसचे, म्हणजे चाचणीघराचे शिक्के दिसतील. एइबारच्या चाचणीघराने १९२७ पासून वर्षासाठी एकेक अक्षर वापरलं, आणि तेच अक्षर बंदुकीचं वय सांगतं. इथेही एक खड्डा आहे. मोजणी स्पॅनिश वर्णमालेने चालते. पहिल्या फेरीत 'सीएच' आणि दुहेरी 'एल' ही स्वतंत्र अक्षरं आहेत, अनुक्रमे १९३० आणि १९४० ची. इंग्रजी अक्षरं बोटांवर मोजली तर 'एम' १९३९ ला येतो. खरं वर्ष १९४१. पहिली फेरी १९५४ ला संपली. १९५५ पासून अक्षराला १ जोडला गेला, १९८१ पासून २. त्यामुळे नुसता 'ए' १९२७ चा, 'ए-१' १९५५ चा. अंक झिजला असेल तर २६ ते २८ वर्षांचा घोळ.

माझ्या बंदुकीवर मला 'एन-१' दिसला, म्हणजे १९६८. महिन्याभराने टेबलावरचा दिवा बाजूने तिरका धरला तेव्हा एनच्या डोक्यावर पुसटशी लाट दिसली. तो स्पॅनिश 'एन्ये' होता, १९६९ चा. शिक्के वाचायला समोरचा प्रकाश कामाचा नाही. तिरप्या प्रकाशात फोटो काढा. आणि गंज दिसला म्हणून पॉलिश पेपर तर मुळीच फिरवू नका. त्या लाटेसारख्या बारीक रेषा पहिल्याच घासणीत जातात.

ताऱ्यांचा अर्थ उलटा

"फाइव्ह स्टार बंदूक आहे साहेब," हेही मी ऐकलंय. नळ्यांवरचे तारे दर्जाचे नसतात, चोकचे, म्हणजे नळीचं तोंड किती आवळलंय त्याचे असतात. एक तारा म्हणजे फुल चोक, नळीचं तोंड सर्वांत आवळलेलं. तारे वाढतील तसं तोंड मोकळं होत जातं. उजव्या नळीवर चार आणि डाव्यावर एक असेल तर डावी नळी लांबच्या माऱ्याची.

त्याच जागी '१२-६५' किंवा '१२-७०' असा आकडा सापडेल. बारा बोअर, म्हणजे नळीच्या रुंदीचं माप, आणि चेंबरची लांबी मिलिमीटरमध्ये. हा मॉडेल नंबर नाही, पण सगळ्यांत महत्त्वाचा आकडा हाच. काडतुसाची लांबी झाडून उघडल्यानंतरची मोजतात, त्यामुळे ७० चं काडतूस ६५ च्या चेंबरमध्ये निमूट बसतं आणि बार झाल्यावर दाब भलताच वाढतो. चेंबर मागाहून कोणी वाढवलं असण्याचीही शक्यता असते, म्हणून गनस्मिथकडून मोजून घेतल्याशिवाय झाडू नका.

आखूड नळी म्हणजे मॉडेल २५ नव्हे

आयाची 'मॉडेल २५' पंचवीस इंची नळ्यांची. साइडलॉक आणि बॉक्सलॉक दोन्ही प्रकारांत मिळते. त्यामुळे कोणीतरी २८ इंची नळ्या कापून २५ च्या केलेल्या बंदुकाही त्या नावाने फिरतात. तोंडाकडून पाहा. मूळ नळ्या टोकाला एकमेकींना चिकटलेल्या असतात. कापलेल्यांच्या मध्ये फट राहते किंवा ती भरलेली दिसते, आणि चोक गेलेला असतो. मॉडेल २५ ची पट्टी उंच, पुढे निमुळती होत जाणारी असते, तीही तपासा.

नळ्या, अॅक्शन (मधला पोलादी ठोकळा) आणि पुढचं लाकूड यांवरचे क्रमांक जुळतात का, हे शेवटी पाहा. भारतात वारशाने दुनळी आली असेल तर हे काम परवानाधारक विक्रेत्याकडेच करून घ्या. शस्त्र कायदा १९५९ नुसार बंदूक बाळगायला परवाना लागतो, आणि परवान्यावरचा क्रमांक बंदुकीशी जुळायला हवा.

माझ्या परवान्यावरचं 'एइबार' खोडून घ्यायला एक अर्ज आणि तीन फोटो लागले. सोन्याच्या '२' ची जोडीदार '१' कुठे आहे, ते अजून सापडलेलं नाही.