साथीतली अफवा कशी वाचावी: हाँगकाँग, १८९४

इतिहासाच्या प्रकल्पासाठी साथीचा विषय घेतला की मुलं अफवांबद्दल ‘लोक अडाणी होते’ एवढं लिहून मोकळी होतात. मी ते वाक्य खोडायला लावते. त्याऐवजी काय करायचं, ते तेव्हा ब्रिटिशांच्या ताब्यात असलेल्या हाँगकाँगच्या प्लेगवरून सांगते.

आधी अफवा जशीच्या तशी उतरवा आणि ती कुणाच्या कागदात सापडली, तेही लिहा. बहुतेकदा तो कागद इंग्रज अधिकाऱ्याचा किंवा इंग्रजी वर्तमानपत्राचा असतो. परके डॉक्टर गरोदर बायकांची पोटं फाडतात, मुलांचे डोळे काढून औषध करतात, अशी ती अफवा. जवळच्या कँटन या चिनी शहरात तर परक्यांविरुद्ध भिंतींवर पत्रकं लागली.

मग शेजारी दुसरा रकाना आखा: लोकांना प्रत्यक्षात काय दिसत होतं? इथे अजिबात घाई नको. हाँगकाँगमधल्या ताइपिंगशानच्या दाट चिनी वस्तीत इंग्रजांच्या श्रॉपशायर पलटणीचे शिपाई घराघरांत शिरत, सामान बाहेर काढून जाळत, भिंतींना चुना फासत. आजारी माणसाला उचलून ‘हायजिया’ या इस्पितळ-जहाजावर नेत. तिथे गेलेले बरेच जण परत आलेच नाहीत. शवविच्छेदनंही खरोखर होत होती. कितासातो आणि येरसँ या जंतुशास्त्रज्ञांना जूनमध्ये प्लेगचा जंतू सापडला, तो मृतदेहांतूनच. आपल्या माणसाचा देह अखंड राहावा, गावच्या मातीत जावा, ही ज्यांची श्रद्धा, त्यांना हे सगळं कसं दिसलं असेल?

अफवेचं वयही तपासा. डोळे काढण्याची गोष्ट १८७० साली चीनमधल्या त्येनजिन शहरात होतीच. तिथल्या ख्रिस्ती जोगिणींच्या (नन्सच्या) अनाथालयात साथीने मुलं दगावली, संशय पेटला आणि २१ जूनला जमावाने फ्रेंच कॉन्सुल फाँतानिए आणि दहा जोगिणींसह अनेकांना मारलं.

शेवटी लोकांच्या मागण्या वाचा. हाँगकाँगच्या तुंग वा या चिनी रुग्णालयाच्या पुढाऱ्यांनी मागितलं ते अगदी साधं होतं: घरझडत्या थांबवा, आमच्या रुग्णांवर आमचे वैद्य उपचार करोत, ज्यांना कँटनला जायचंय त्यांना जाऊ द्या. सरकारने आधी ‘ट्वीड’ ही तोफांची नौका वस्तीसमोर आणली; कँटनला जायची मुभा नंतर मिळाली. माझ्या मते हा क्रम कुठल्याही अफवेइतकाच महत्त्वाचा आहे, तो तक्त्यात ठळक लिहा.

मग हेच रकाने मुंबईच्या १८९६च्या आणि पुण्याच्या १८९७च्या कागदांसाठी आखा. मात्र ते हाँगकाँगवरून भरू नका. तिथली अफवा, तिथले शिपाई, तिथल्या मागण्या नव्याने शोधा.