बाबागाडीत न बसणारी लेक

दीड वर्षाची झाली आणि आमची लेक बाबागाडी दिसली की अंग ताठ करून पट्ट्यांतून निसटायला लागली. बडोद्याच्या उन्हाळ्यात दांडिया बाजारातून तिला कडेवर घेऊन फिरणं जिवावर यायचं.

आधी गाडीची पाठ सरळ उभी केली. तिला समोरचं सगळं बघायचं असतं, त्यामुळे निम्मी रडारड तिथेच थांबली. मग कमाटीबागेत गाडी तिलाच ढकलू द्यायला लागले. मनसोक्त ढकलून दमली की बसवायचं, घाईत असताना नाही. पट्टे लावताना मी पोटाला गुदगुल्या करते. ती हसून पुढे वाकते, तेवढ्यात आधी पायांमधला पट्टा, मग कमरेचे, शेवटी खांद्यांचे. बक्कल ‘टक्’ करून तिलाच दाबू देते. तो मान तिला फार आवडतो.

बक्कल उन्हात तापतं, आधी हात लावून बघा. आणि गाडीवर दुपट्टा मुळीच टाकू नका. सावली वाटते, पण वारा अडून आत उकडतं. आजी आग्रह करतील, तरी ऐकू नका. भाजीची पिशवीही हँडलला नको, मूल उतरलं की गाडी मागे उलटते.