विशेष शाळेत शिकवायला येणाऱ्यांसाठी

पुण्यातल्या एका खासगी विशेष शाळेत रुजू झाले तेव्हा हातात विशेष शिक्षणाची दोन वर्षांची पदविका होती आणि वर्गात बौद्धिक अक्षमता असलेली आठ मुलं. त्यातल्या बारा वर्षांच्या एकाला शर्टाची बटणं लावायला शिकवायचं ठरलं. मी पहिल्या पायरीपासून सुरुवात केली: बटण धर, काजात घाल. तो दोन मिनिटांत चिडायचा. शाळेतल्या ज्येष्ठ शिक्षिका, मोठ्या ताई, यांनी चार दिवस नुसतं बघितलं, मग म्हणाल्या, "अगं, शेवटाकडून चल." म्हणजे बटण काजात अर्धं आपण घालायचं, त्याने पलीकडून फक्त ओढून घ्यायचं. काम त्याच्याच हातून पुरं होतं. तेवढं जमलं की काजात ढकलणंही त्याचं, मग धरणंही. आधी मोठ्या बटणांचा जुना कोट घ्यायचा, पण टेबलावर पसरून नाही, त्याच्या अंगात घालून. टेबलावर सगळं उलटं दिसतं. चार महिने लागले.

कार्यविश्लेषण, म्हणजे काम छोट्या पायऱ्यांत मोडून शिकवणं, मी पदविकेत शिकले होते, परीक्षेत लिहिलंही होतं. वर्गात ते मला ताईंनी शिकवलं. म्हणून शाळा निवडताना पगाराआधी हे विचारा, की सुरुवातीचे काही आठवडे कुणाच्या हाताखाली बसायला मिळेल. विनाअनुदानित शाळांत पगार कमीच असतो, तेही आधीच धरून चाला.

शाळेत गेलात की मुलांचे वैयक्तिक शैक्षणिक आराखडे दाखवायला सांगा. याआधी मी काही महिने ज्या शाळेत होते, तिथे सगळ्या मुलांचे आराखडे शब्दन् शब्द सारखे होते, नावं तेवढी वेगळी. तपासणी आली की फाइल बाहेर. मला तिथे राहवलं नाही.

भारतीय पुनर्वास परिषदेची नोंदणी मात्र टाळू नका. 1992च्या कायद्यानुसार ती लागतेच, आणि अभ्यासक्रमही परिषदेची मान्यता असलेलाच हवा. प्रवेश घेण्याआधी खात्री करा.

पालक तुम्हाला शिकवण्यापलीकडचंही विचारतील. दिव्यांगत्वाचं यूडीआयडी कार्ड (देशभर चालणारं ओळखपत्र) कसं काढायचं, अशा मुलांसाठीच्या निरामय आरोग्यविम्यात काय मिळतं (वर्षाला एक लाखापर्यंत उपचारखर्च), दिव्यांगांच्या हक्कांच्या 2016च्या कायद्यात दिव्यांगत्वाच्या कोणत्या 21 प्रकारांचा समावेश आहे. एवढं तरी माहीत हवं. आईबाबा दहा कचेऱ्या फिरून तुमच्यासमोर बसलेले असतात.

आणि आईला वर्गात बोलवा. त्या मुलाची आई त्याला रोज टी-शर्ट घालायची, कारण सकाळी रिक्षा दारात उभी असते. शाळेत जमणारं घरी कधी होतच नव्हतं. तिला समोर बसवून ते शेवटचं ओढणं दाखवलं. दिवाळीला तिने त्याला पाच बटणांचा शर्ट घेतला. सुट्टीनंतर तो तोच घालून आला, एक काज चुकवून.