माटोळीतलं कवंडळ ओळखता येतं ना? मग नेटवर नाव कमवायला रील लागत नाही

चवथ, म्हणजे गणेश चतुर्थी, आली की आपल्याकडे गोव्यात सगळ्यांच्या माटोळीची, म्हणजे गणपतीच्या वर रानफळं-पानं टांगलेल्या चौकटीची, रील येते, मागे गाणं, वर दोन हार्ट, आणि दीड दिवसाचा गणपती पाण्यात जायच्या आधीच ती रील कुठे गेली कोणाला पत्ता नसतो. पण त्याच माटोळीला लटकलेलं कांगलं कुठल्या वेलीचं, घागऱ्यो कुठल्या कुळागराच्या (माडा-सुपारीच्या बागायतीच्या) कडेला मिळतात, हे ज्याला माहीत आहे तो माणूस मोबाईलवर फक्त गुड मॉर्निंग पाठवत बसलेला असतो. ही पोस्ट त्या माणसासाठी आहे, किंवा त्याच्या भाच्या-पुतण्यांसाठी.

आयनॅचरलिस्ट नावाचं ॲप आहे, फुकट आहे. 2008 साली अमेरिकेतल्या बर्कली विद्यापीठाच्या काही विद्यार्थ्यांनी प्रोजेक्ट म्हणून सुरू केलेलं, आता त्यांची स्वतःची ना-नफा संस्था आहे. दिसलेल्या झाडाचा, किड्याचा, पक्ष्याचा फोटो टाकायचा, जागा आणि तारीख द्यायची, मग जगभरातले लोक ते काय आहे ते सांगतात. तिथे फॉलोअर किती हे कोणी बघत नाही, तुम्ही ओळखलेलं बरोबर निघतं का तेवढंच बघतात.

अकाउंट काढणं दोन मिनिटांचं काम, त्यावर वेळ घालवत नाही. खरी मेख फोटोत आहे. आपण काय करतो, लाल फळ दिसलं की फळाचाच फोटो. तज्ज्ञाला त्याचा अर्धाच उपयोग. कवंडळाचं, म्हणजे माटोळीतल्या त्या लाल फळाच्या रानवेलीचं, उदाहरण घ्या. एक फोटो पूर्ण वेलीचा, कशावर चढलीय ते दिसेल असा, एक पानाचा वरून, एक पान उलटं करून, एक फळाचा शेजारी आपला अंगठा धरून म्हणजे आकार कळतो, आणि खाली पडलेलं असेल तर कोयत्याने कापून आतला तो हिरवट-काळा गर. फुलं हवी असतील तर रात्री जावं लागतं, पांढऱ्या पाकळ्यांना झालर असते ती अंधारातच उघडते. (टॉर्च घ्या आणि पाय कुठे ठेवताय ते बघा, पावसाळा आहे.) हे सगळे फोटो एकाच नोंदीत टाकायचे, पाच वेगळ्या नोंदी करू नका.

आता जागा. इथे मी स्वतः माती खाल्लीय. पहिल्या वर्षी उत्साहात फोंड्याच्या माटोळी बाजारात गेलो, दहा-बारा फळांचे फोटो काढले आणि सगळ्यांची जागा बाजार म्हणून टाकून मोकळा झालो. दोन दिवसांनी कोणीतरी अगदी सभ्यपणे विचारलं की ही वेल इथेच उगवलीय का. कसली उगवतेय, ती सत्तरी तालुक्यातून टोपलीत बसून आलेली. नकाशावर मात्र बाजाराच्या मधोमध जंगलाचा ठिपका! त्यामुळे बाजारातलं फळ टाकू नका, विकणाऱ्या मावशीला विचारा कुठून आणलं आणि जमलं तर तिथे जाऊन मूळ वेलीचा फोटो काढा. कुळागरात लावलेली माडं-सुपारी टाकायची असेल तर लागवडीचं आहे अशी खूण करायची सोय आहे, ती करा, म्हणजे ते जंगली नोंदीत मिसळत नाही.

नाव देताना ॲप स्वतःच सुचवतं. ते बऱ्याचदा बरोबर असतं पण डोळे मिटून मानू नका, खात्री नसेल तर नुसतं कूळ किंवा अगदी वनस्पती एवढंच द्या, पण रिकामं सोडू नका नाहीतर ती नोंद कोणाच्या नजरेलाच पडत नाही. किमान दोघांचं आणि एकूण मत देणाऱ्यांपैकी दोन-तृतीयांशहून जास्त लोकांचं जातीवर एकमत झालं की नोंद संशोधनाच्या दर्जाची होते. तिथून ती जीबीआयएफ या सजीवांच्या नोंदींच्या जागतिक साठ्यात जाते आणि तिथला डेटा संशोधक डाउनलोड करून पेपरांत वापरतात. एक सेटिंग मात्र आधीच बघून घ्या. फोटोचं लायसन्स मुळात सीसी बाय-एनसी (नाव देऊन वापरा, पण धंद्यासाठी नाही) असतं, जीबीआयएफला ते चालतं पण विकिपीडियाला चालत नाही, सीसी बाय (नाव देऊन कशासाठीही वापरा) केलं की तुमचा फोटो तुमच्या नावासकट विकिपीडियाच्या लेखातही लागू शकतो.

घराच्या परसातली नोंद असेल किंवा ऑर्किडसारखं कोणी उपटून नेईल असं काही असेल तर जागा धूसर ठेवा, मग ठिपका साधारण वीस-बावीस किलोमीटरच्या चौकोनात कुठेही दिसतो.

आणि आता ज्याने खरी ओळख होते ते. नुसतं टाकत राहू नका, इतरांचं ओळखा. गोव्याचा फिल्टर लावा, पर्यटकांनी काढलेले शेकडो फोटो नाव नसलेले पडलेले असतात. तुम्ही रोज दहा बरोबर ओळखलेत की हळूहळू लोक तुम्हाला टॅग करून विचारायला लागतात. वेबसाईटवर त्या जातीच्या पानावर जाऊन स्थानिक नावही घालता येतं, आपल्याकडे खरंच जे म्हणतात तेच घाला, शास्त्रीय नावाचं मराठी भाषांतर करून नवीन नाव जन्माला घालू नका.

आमच्या वाड्यावरच्या काकांचं अकाउंट मीच चालवतो. त्यांना विचारून, प्रत्येक नोंदीत ओळख त्यांनी पटवली असं लिहून. गेल्या वर्षी त्यांच्या एका वेलीच्या नोंदीखाली एका संशोधकाने विचारलं, पानं बघायला प्रत्यक्ष येऊ का. मी काकांना वाचून दाखवलं. ते सुपारी सोलत होते, मान वर न करता म्हणाले, "चवथ जांव दी, मागीर यो म्हण ताका."