पाण्याखालचा आवाज कुणाचा? एआयच्या मदतीने ओळखायचा कसा

पाण्याखालचे आवाज ओळखायला बोट लागत नाही, पाणबुड्याचा पोशाख लागत नाही आणि सुरुवातीला तर हायड्रोफोनही (पाण्याखालचा मायक्रोफोन) लागत नाही. लॅपटॉप, बऱ्यापैकी हेडफोन, इंटरनेट आणि एक मोकळा रविवार एवढ्यावर भागतं. समुद्रातलं ध्वनिमुद्रण फुकट मिळतं, देवमाशाचं गाणं हुडकणारं एआय मॉडेलही फुकट मिळतं. मॉडेल चालवणं हे त्यातलं सगळ्यात किरकोळ काम आहे. त्याने दिलेल्या उत्तरावर कितपत विसंबायचं हे ठरवण्यात खरा वेळ जातो.

उदाहरणासाठी कॅलिफोर्नियाचा माँटेरे उपसागर घेऊ. तिथल्या एमबारी या संशोधन संस्थेने 891 मीटर खोलीवर हायड्रोफोन बसवला आहे. किनाऱ्यापासून 52 किलोमीटर लांबीची केबल तिथवर गेली आहे, आणि 2015 पासून तो जवळपास अखंड ऐकतो आहे. हे सगळं ध्वनिमुद्रण ‘पॅसिफिक साउंड’ या नावाने ॲमेझॉनच्या क्लाउडवर कुणालाही खुलं आहे. त्यात शोधायचा तो हंपबॅक देवमासा, कारण त्याचं गाणं भरपूर आहे आणि त्यासाठीचं मॉडेल चांगलं मुरलेलं आहे.

आधी कान आणि डोळे तयार करा

ही पायरी गाळून थेट मॉडेलकडे पळण्याचा मोह होतो. पळू नका. अमेरिकेतल्या वुड्स होल संस्थेचा वॉटकिन्स संग्रह उघडा. सागरी सस्तन प्राण्यांच्या सुमारे 60 प्रजातींचे आवाज तिथे आहेत. चार-पाच नमुने उतरवून घ्या, ऑडॅसिटी या ध्वनिसंपादनाच्या फुकट प्रोग्रॅममध्ये उघडा आणि ट्रॅकच्या मेन्यूतून ‘स्पेक्ट्रोग्राम’ निवडा. आता आवाज चित्र म्हणून दिसेल: आडवा वेळ, उभी वारंवारता, आणि जिथे आवाजाचा जोर जास्त तिथे रंग ठळक.

हंपबॅकचं गाणं या चित्रात वळणदार फटकाऱ्यांसारखं दिसतं. एक रेघ वर चढते, दुसरी खाली घसरते, मग दोन-तीन आखूड ठिपके, आणि थोड्या वेळाने तोच क्रम पुन्हा. ही पुनरावृत्तीच महत्त्वाची खूण. जहाजाचं इंजिन खालच्या भागात सरळ आडव्या रेघा ओढतं. त्या मिनिटन् मिनिट हलत नाहीत. उथळ, उबदार पाण्यात चुटकी वाजवणारी कोळंबी असते. तिचा आवाज कढईत मोहरी तडतडावी तसा, आणि चित्रात उभ्या बारीक रेघांचा पाऊस. फिन देवमाशाचा सूर 20 हर्ट्झच्या आसपास असतो, तो लॅपटॉपच्या स्पीकरवर ऐकूच येणार नाही. फाईल दहापट वेगाने वाजवा, मग येईल.

फाईल निवडणे

संग्रहातली 16 किलोहर्ट्झची आवृत्ती घ्या. माँटेरेत हंपबॅकचं गाणं शरदाच्या अखेरीपासून हिवाळ्यात जोरात असतं, म्हणून नोव्हेंबर ते जानेवारीतला दिवस निवडा. जुलैतली फाईल घेऊन ‘काहीच सापडत नाही’ म्हणण्यात अर्थ नाही. फाईल अख्ख्या दिवसाची आणि काही जीबीची असते. तिच्यातला एखादा तास कापून घेतला तरी पुरे.

फाईलच्या नावात लिहिलेली वेळ यूटीसी, म्हणजे जागतिक प्रमाणवेळ असते, हे ध्यानात ठेवा. फाईल मध्यरात्री सुरू होते असं वाटतं, पण तेव्हा हिवाळ्यात कॅलिफोर्नियात आदल्या दिवसाचे दुपारचे चार वाजलेले असतात आणि आपल्याकडे पहाटेचे साडेपाच. दिवसा जास्त गातात की रात्री, असा निष्कर्ष काढायचा असेल तर इथेच गाडं घसरतं.

सॅम्पल रेट

गूगलने अमेरिकेच्या ‘नोआ’ या सरकारी संस्थेबरोबर 2018 मध्ये हंपबॅकचं मॉडेल जाहीर केलं. पॅसिफिकमधल्या बेटांजवळचं 1,70,000 तासांहून जास्त ध्वनिमुद्रण माणसांनी ऐकणं अशक्य होतं, म्हणून ते केलं. हे मॉडेल आवाजाचा स्पेक्ट्रोग्राम काढून तो फोटो ओळखावा तसा ओळखतं. मात्र त्याला सेकंदाला 10,000 नमुन्यांचा, म्हणजे सेकंदात तितक्या वेळा मोजलेला आवाजच लागतो; या आकड्यालाच सॅम्पल रेट म्हणतात. तुमची 16 किलोहर्ट्झची फाईल म्हणजे 16,000 ची आहे. ती तशीच दिली तर मॉडेलला सगळा सूर खालच्या पट्टीत आणि संथ ऐकू येतो. तक्रार न करता ते गुण (आवाज गाण्याशी किती जुळतो त्याचा आकडा) देत राहतं, आणि ते गुण कचरा असतात.

ऑडॅसिटीत हा बदल ‘ट्रॅक्स’ मेन्यूतल्या ‘रीसॅम्पल’ने करा. ट्रॅकच्या नावाखाली जो ‘रेट’ दिसतो तो बदलू नका. त्याने फक्त वाजवण्याचा वेग बदलतो आणि पट्टी बिघडते. फाईल मोनो आणि वेव्ह स्वरूपात जपा, एमपी3 नको. आवाज ‘साफ’ करण्याचं बटणही दाबू नका. आपल्या कानाला जो खरखराट वाटतो, त्यातच लांबवरचं गाणं असू शकतं.

मॉडेल चालवणे

गूगल कोलॅब (ब्राउझरमध्येच प्रोग्रॅम चालवण्याची सोय) उघडा, टेन्सरफ्लो या गूगलच्या एआय साधनाच्या भांडारातून हंपबॅक मॉडेल घ्या, फाईल द्या. पायथन ही प्रोग्रॅमिंगची भाषा येत नसेल तर एमबारीची तयार नोटबुकं (कोलॅबमध्ये चालणारे लिहून ठेवलेले प्रोग्रॅम) आहेत. त्यांतली फाईलची तारीख बदलून पुढे जाता येतं. मॉडेल एका वेळी सुमारे चार सेकंदांचा तुकडा बघतं. ही तुकड्याची खिडकी एकेक सेकंदाने सरकवायला सांगा, म्हणजे तासाला साधारण 3,600 गुण हाती येतील, प्रत्येक 0 ते 1 मधला. ते वेळेसह तक्त्यात उतरवा आणि स्पेक्ट्रोग्रामखाली आलेख काढा. या पायरीबद्दल जास्त सांगण्यासारखं काही नाही.

आता खरं काम

0.97 गुण म्हणजे 97 टक्के खात्री नव्हे. मॉडेलने शिकताना जे पाहिलं त्याच्याशी हा तुकडा किती जुळतो, एवढंच तो आकडा सांगतो. त्यामुळे सुटा आकडा बघू नका, सलगता बघा. हंपबॅकचं गाणं मिनिटांच्या हिशेबाने चालतं. एकाच सेकंदाला 0.97 आणि अलीकडे-पलीकडे शून्य असेल तर ते बहुधा साखळीचं कुरकुरणं किंवा यंत्राची कुरकुर. उलट 0.6 ते 0.8 मध्ये पाच मिनिटं रेंगाळणारा आलेख म्हणजे बहुतेक दूरवर कुणीतरी गात आहे.

मर्यादा कुठे घालायची ते असं ठरवा. समजा 0.5 च्या वरचे सगळे तुकडे वेगळे काढले. त्यांतले 50 डोळे मिटून निवडा आणि गुण झाकून ऐका. 41 खरे निघाले तर तुमच्या होकारांपैकी 82 टक्के बरोबर. मग 0.5 च्या खालचेही 50 ऐका, कारण निसटलेली गाणी तिथे असतात. बहुतेक हौशी मंडळी हा दुसरा भाग करत नाहीत आणि आपलं मॉडेल कधीच चुकत नाही असं समजून बसतात. गुण झाकायला सांगितलं ते उगाच नाही: 0.95 दिसला की कानाला गाणं ऐकू यायला लागतंच.

आणखी एक गोष्ट. गाणं मिळालं नाही म्हणजे देवमासा नव्हता असं होत नाही. गाणारे नर असतात. मादी आणि पिल्लू हायड्रोफोनवरून मुकाट्याने निघून गेलेलं तुम्हाला कळणारही नाही.

डॉल्फिन किंवा ऑर्का हवा असेल तर हे मॉडेल निरुपयोगी, कारण त्याला एकच प्रश्न येतो: हंपबॅक आहे की नाही. गूगलचं 2024 चं मॉडेल देवमाशांच्या आठ प्रजाती ओळखतं, पण त्याला 24,000 चा सॅम्पल रेट लागतो. 16,000 ची फाईल ताणून तेवढी करता येते, पण वरच्या पट्टीतला जो आवाज मुळात टिपलाच नाही तो त्यामुळे परत येत नाही. त्यासाठी मूळ ध्वनिमुद्रणच घ्यायला हवं. याच मॉडेलमध्ये ‘बायोट्वँग’ हा चमत्कारिक आवाजही आहे. 2014 मध्ये मारियाना गर्तेजवळ तो टिपला गेला आणि कित्येक वर्षं त्याचा धनी सापडेना. ब्राइड देवमासे डोळ्यांना दिसले आणि त्याच वेळी आवाज मिळाला, तेव्हा कोडं सुटलं. त्यानंतर वर्षानुवर्षांच्या साठ्यात तो कुठे कुठे आहे हे शोधून काढायचं काम एआयने केलं. नाव माणसांनी दिलं, मोजणी यंत्राने केली.

आपल्या किनाऱ्यावर

गोव्यात राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेने ग्रँड बेटाजवळ माशांचे समूहस्वर नोंदवले आहेत. आपला घोळ, ढोमा हे मासे पोटातल्या हवेच्या पिशवीवर स्नायू आपटून ढोलासारखा आवाज काढणाऱ्या कुळातले. घोळाच्या याच पिशवीला बाजारात सोन्याचा भाव येतो. अरबी समुद्रात हंपबॅकही आहेत: इथून स्थलांतर न करणारा, जगातल्या इतरांपासून तुटलेला छोटा कळप. त्यांचं गाणं वेगळं आहे आणि मॉडेल पॅसिफिकमध्ये शिकलेलं, त्यामुळे गुण कमी आले तर फाईल टाकून देऊ नका, स्वतः ऐका.

स्वतः टिपायचं असेल तर हायड्रोमोथसारखं तुलनेने स्वस्त यंत्र मिळतं. ते दोराने लाटेच्या घुसळणीखाली सोडा, दोर खांबाला घासू देऊ नका, आणि वहीत वेळ, भरती-ओहोटी, खोली, जवळून गेलेल्या बोटी लिहून ठेवा. मग 20-30 खात्रीचे नमुने खुणावून सर्फपर्चसारख्या मॉडेलवर छोटा वर्गीकारक (आवाज कुणाचा ते वेगळं काढणारा भाग) बसवता येतो. प्रवाळांच्या आवाजासाठी ते बनवलं आहे आणि थोडक्या नमुन्यांवर भागवतं. बंदर किंवा नौदलाच्या हद्दीजवळ परवानगीशिवाय काही सोडू नका. डॉल्फिन दिसले तर इंजिन बंद करून थांबा, पाठलाग नको. ते वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत, आणि इंजिनच्या आवाजात तुमचं ध्वनिमुद्रणही वाया जातं.